तिथी पाहून आखलेली किनाऱ्याची सहल: मुरूड ते वेंगुर्ला, दहा दिवस

कोकणच्या किनाऱ्याने गाडी घेऊन जायचे म्हटले की बहुतेक जण नकाशा उघडून अंतरे मोजू लागतात, आणि तिथेच पहिली चूक होते. दोन गावांमध्ये सरळ रेषेत चार किलोमीटर अंतर असले तरी मध्ये खाडी असते. ती ओलांडायला फेरीबोट मिळाली तर पंधरा मिनिटे लागतात आणि चुकली तर अर्धा दिवस जातो. हरिहरेश्वरची प्रदक्षिणेची वाट ओहोटीलाच मोकळी असते, हेदवीची बामणघळ, म्हणजे किनाऱ्याच्या खडकातली अरुंद भेग, भरतीलाच बोलते, कांदळवनात होडी भरतीच्या पाण्यावरच आत शिरते आणि मगरी मात्र ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलावर पसरतात. या प्रवासाचे वेळापत्रक म्हणूनच पंचांगावरून ठरवावे लागते. पुढे दिलेला आराखडा आमच्या तीन-चार फेऱ्यांमधल्या चुका दुरुस्त करत तयार झाला आहे.

आधी तिथी, मग तारीख

भरतीची वेळ काढण्याची कोळ्यांची आणि खारव्यांची जुनी रीत सोपी आहे: तिथीची पाऊणपट करावी, येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे भरती सुमारे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. दशमीला साडेसात वाजता. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटीची वेळ मिळते आणि आणखी तेवढेच मिळवले की दुसरी भरती. हिशेब ढोबळ आहे, शिवाय दक्षिणेकडे जाल तशी भरती थोडी लवकर येते, त्यामुळे अर्ध्या-पाऊण तासाचा फरक धरावा. तिथीचा क्षय किंवा वृद्धी झाली तर आणखी पाऊण तास इकडेतिकडे होतो. निघण्याच्या आठवड्यात भरती-ओहोटीचे छापील कोष्टक किंवा मोबाइलवरचे ॲप पाहून पक्की वेळ घ्यावी. पण सहल आखताना, चार महिने आधी, पाऊणपटीचा हिशेब पुरतो.

वेळेइतकेच पाण्याच्या जोरालाही महत्त्व आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते, म्हणजे भरती मोठी आणि ओहोटीही खोल. अष्टमीच्या आसपास भांग असते, तेव्हा पाणी कमी चढते आणि कमी उतरते. मालवणच्या समुद्रात प्रवाळ पाहायचे असतील तर भांगाचे दिवस निवडावेत, कारण उधाणात प्रवाह जोरात असतो आणि तळाची वाळू ढवळली जाऊन पाणी गढूळ होते. बामणघळीतून उसळणारे पाणी मात्र उधाणात अधिक देखणे दिसते. दोन्ही एकाच सहलीत साधणे कठीण असल्याने मी मालवणला झुकते माप दिले आहे.

या सगळ्याचा ताळमेळ घालताना एक सोयीची गोष्ट लक्षात आली. शुद्ध प्रतिपदेला निघालो तर सहलीचा दिवस आणि तिथीचा आकडा एकच राहतो: तिसऱ्या दिवशी तृतीया, आठव्या दिवशी अष्टमी. तृतीयेला हरिहरेश्वरला ओहोटी सकाळी साडेआठच्या सुमारास येते, षष्ठीला हेदवीची भरती दुपारी साडेचारला, अष्टमीला मालवणला भांग आणि दशमीला परतीच्या वाटेवर चिपळूणजवळ दुपारी ओहोटी. मुद्दाम जुळवायला गेलो असतो तर इतके नीट बसले नसते.

महिना फाल्गुन असावा. ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या आपल्या किनाऱ्यावर साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत अंडी घालतात आणि त्यातून पिल्ले बाहेर यायला सुमारे पन्नास दिवस लागतात, म्हणून फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत पिल्ले दिसण्याची शक्यता सर्वांत जास्त. त्या वेळी समुद्र शांत असतो आणि ऊनही अजून सोसण्याजोगे असते. फाल्गुन शुद्ध प्रतिपदेला निघालेली ही सहल दशमीला संपते, त्यामुळे शिमग्यासाठी चाकरमान्यांची जी रांग मुंबई-गोवा महामार्गावर लागते ती आपल्याला विरुद्ध दिशेने जाताना दिसते. एखाद्या वर्षी फाल्गुन फार लवकर येत असेल तर चैत्र शुद्ध प्रतिपदा धरावी; पाडव्याची गुढी उभारून, नैवेद्य दाखवून दुपारी निघता येते.

गाडी, इंधन आणि फेरीबोट

सागरी महामार्ग हे नाव ऐकून फसू नये. बरेचसे अंतर अरुंद, वळणावळणाच्या, गावातल्या घरांच्या पडव्यांना खेटून जाणाऱ्या रस्त्याने कापावे लागते. तासाला तीस किलोमीटर धरावेत. तेवढे झाले की समाधान मानावे. दिवसाला शंभर किलोमीटरहून अधिक आखू नये (पहिला, सातवा आणि दहावा दिवस अपवाद). गाडी उंच असण्याची गरज नाही, पण हँडब्रेक पक्का हवा, स्टेपनीत हवा भरलेली हवी आणि गाडी मागे घेण्याचा सराव हवा. हा सराव घाटासाठी लागत नाही, फेरीबोटीसाठी लागतो.

या मार्गावर चार फेऱ्या आहेत: मुरूडजवळच्या आगरदांड्याहून दिघी, सावित्रीच्या मुखाशी बागमांडल्याहून वेसवी, वाशिष्ठीवर दाभोळहून धोपावे आणि शास्त्रीच्या खाडीवर तवसाळहून जयगड. या खाड्यांवर मोठे पूल बांधण्याच्या योजना पुढे सरकत आहेत, तेव्हा निघण्यापूर्वी कुठे काय सुरू झाले ते विचारून घ्यावे. बोटीवर कित्येकदा गाडी उलटी चढवावी लागते, म्हणजे उतरताना सरळ उतरता येते. बोटीवरचा माणूस हाताने खुणा करतो, बंपर आणि कठडा यांत वीतभर जागा उरेपर्यंत तो गाडी मागे घ्यायला लावतो, आणि मग बोटीच्या पत्र्यावर दोनदा थाप मारतो. तेवढ्यात थांबायचे, गिअर टाकायचा, हँडब्रेक ओढायचा आणि खाली उतरायचे. ओहोटीच्या वेळी धक्क्याचा उघडा पडलेला उतार शेवाळलेला असतो, तिथे घाईने ब्रेक दाबू नये. बरोबरच्या मंडळींनी आधीच उतरून चालत जावे.

शेवटची फेरी किती वाजता, हे आदल्या दिवशी मुक्कामाच्या यजमानांना विचारावे. एका वर्षी मी जुन्या टिपणावर विसंबून दाभोळच्या धक्क्यावर पोहोचलो, तेव्हा बोट पलीकडे लागून तिचे दिवे मालवले जात होते. चूक सर्वस्वी माझीच होती. त्या रात्री दापोली, खेड, चिपळूण असा शंभराहून अधिक किलोमीटरांचा वळसा घालून गुहागरला पोहोचलो, तेव्हा मध्यरात्र उलटली होती. त्या वाटेवर साळिंदर दिसले, हे खरे. पण ते गाडीच्या चाकापासून हातभर अंतरावर होते. तेव्हापासून सूर्यास्तानंतर या रस्त्यांवर गाडी चालवायची नाही, असा नियम केला आहे. अंधार पडला की रस्त्यावरचा हक्क ऊदमांजर, साळिंदर आणि बिबट्या यांचा असतो.

इंधन श्रीवर्धन, दापोली, गुहागर आणि रत्नागिरी येथे, टाकी अर्धी असली तरी, भरून घ्यावे. रोख रक्कम जवळ ठेवावी. लहान गावांत मोबाइलची रेंज गेली की ऑनलाइन पैसे देणेही थांबते. नकाशे आधीच उतरवून ठेवावेत. दुर्बीण ८ × ४२ मापाची असली की पक्षी आणि डॉल्फिन दोन्हींना चालते.

पहिला आणि दुसरा दिवस: मुरूड आणि फणसाड

मुंबईहून किंवा पुण्याहून निघून पहिल्या रात्री मुरूडला किंवा काशीदला राहावे. जंजिऱ्याविषयी येथे लिहीत नाही, कारण ज्याला पाहायचा आहे तो पाहीलच. दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र फणसाड अभयारण्याच्या सुपेगावच्या प्रवेशद्वाराशी उजाडण्याच्या वेळी हजर असावे. एकेकाळी जंजिऱ्याच्या नवाबांचे हे राखीव शिकारीचे रान. १९८६ साली अभयारण्य झाले. क्षेत्रफळ सुमारे चोपन्न चौरस किलोमीटर, म्हणजे फार मोठे नाही, पण समुद्रापासून इतक्या जवळ इतके दाट जंगल राज्यात फारसे उरलेले नाही. जंगलातल्या पाणवठ्यांना इथे ‘गाण’ म्हणतात. गावातला वाटाड्या बरोबर घ्यावा आणि एखाद्या गाणीजवळ तासभर गप्प बसावे.

इथला मुख्य रहिवासी शेकरू. तो आपला राज्यप्राणी असला तरी बहुतेकांनी त्याला चित्रातच पाहिलेले असते. शोधताना आधी घरटी शोधावीत: उंच झाडाच्या शेंड्याकडे, फांद्यांच्या बेचक्यात, काटक्या-पानांचा फुटबॉलएवढा किंवा त्याहून मोठा गोळा दिसतो. एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधतो, म्हणून घरटे दिसले म्हणजे शेकरू दिसला असे होत नाही. मग कानाने शोध घ्यावा. खडखडणारा, दटावल्यासारखा आवाज आला की तिथेच थांबून वर पाहावे. मागच्या खेपेला आम्हाला तो मागच्या दोन पायांनी फांदीला धरून चक्क उलटा लटकलेला दिसला; पुढच्या पायांत फळ, आणि फांदीच्या दुसऱ्या बाजूला तोल सांभाळणारी लांबलचक झुपकेदार शेपटी. सालीचे तुकडे खाली पडत होते आणि सुक्या पानांवर त्यांचा टप टप आवाज येत होता. दहा मिनिटे तो आपले खाणे करत राहिला. आमच्यापैकी कोणी हालले नाही म्हणूनच ते शक्य झाले.

सकाळी दहा वाजेपर्यंत जंगल आटोपते. जेवून आगरदांड्याची फेरी घ्यावी आणि दिवेआगर किंवा श्रीवर्धन येथे मुक्काम करावा.

तिसरा दिवस: हरिहरेश्वर आणि वेळास

श्रीवर्धनहून सकाळी सातला निघाले की आठच्या आत हरिहरेश्वरला पोहोचता येते. प्रदक्षिणेची वाट डोंगराच्या पोटाखालून, लाटांनी कोरलेल्या खडकांवरून जाते. ओहोटी पूर्ण होण्याच्या अर्धा तास आधी उतरावे आणि पाणी फिरायच्या आत वर यावे. या वाटेवर भरतीत सापडून माणसे दगावली आहेत, तेव्हा वेळेबाबत कोणतीही सवलत घेऊ नये. खडकांतल्या डबक्यांत लहान खेकडे, समुद्रफुले आणि शंखात राहणारे साधू खेकडे दिसतात. उचलून पाहिले तर जिथून उचलले तिथेच ठेवावे.

त्यानंतर बागमांडला-वेसवी फेरीने रत्नागिरी जिल्ह्यात उतरून, बाणकोटवरून दुपारपर्यंत वेळासला यावे. नाना फडणवीसांचे हे गाव आता कासवांसाठी ओळखले जाते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने इथे २००२ च्या सुमारास घरटी राखण्याचे काम सुरू केले, तेव्हा अंडी चोरीला जाणे ही नित्याची गोष्ट होती. आज गावकरी आणि वनविभाग मिळून घरटी कुंपणाच्या आत हलवतात आणि पाहुणे गावातल्या घरांतच उतरतात. हॉटेल शोधू नये, ते नाहीच आणि नसण्यातच मजा आहे. घराचे आरक्षण किमान महिनाभर आधी, शक्यतो सोमवार ते गुरुवारच्या रात्रीसाठी करावे. शनिवार-रविवारी गर्दीच इतकी असते की पिल्लांपेक्षा माणसांच्या पाठीच जास्त दिसतात.

पिल्ले सकाळी साधारण सातला आणि संध्याकाळी सहाला सोडतात, म्हणून संध्याकाळी पोहोचून दुसऱ्या दिवशी सकाळी थांबल्यास एका मुक्कामात दोन संधी मिळतात. तरीही पिल्ले निघतीलच अशी हमी कोणी देऊ शकत नाही, आणि देत असेल तर विश्वास ठेवू नये. आरक्षण करताना यजमानांना एवढेच विचारावे की कुंपणात किती घरटी आहेत आणि त्यांतली पन्नास दिवसांच्या जवळ आलेली किती.

दृश्य लहानसे असते. वाळूवर दोन दोऱ्या ताणलेल्या, मध्ये मोकळी वाट. कासवमित्र घरट्यावरची टोपली उचलतो, पिल्ले हलक्या हाताने पाण्यापासून काही अंतरावर सोडतो. तळहाताच्या निम्म्यापेक्षाही लहान, काळपट राखाडी; पुढचे पाय वल्ह्यासारखे मारत ती चालू लागतात, कोणाच्या तरी जुन्या पाऊलखुणेच्या खड्ड्यात पडतात, पुन्हा वर येतात. पहिली लाट त्यांना उलट तीन हात मागे आणून टाकते. ती पुन्हा निघतात. त्यांना उचलून पाण्यात का सोडत नाहीत, असे मुले हमखास विचारतात. वाळूवरची ही वाटचाल त्यांच्या अंगात त्या किनाऱ्याची ओळख भिनवते असे मानले जाते, म्हणून ती त्यांचीच त्यांना करू दिली जाते. फ्लॅश आणि विजेरी पूर्ण बंद ठेवावी, कारण पिल्ले उजेडाकडे वळतात. गाडी पुळणीवर नेऊ नये, इथेच नव्हे तर वाटेतल्या कोणत्याही किनाऱ्यावर. चाकाखाली न दिसणारे घरटे असू शकते. माद्या कुठे जातात याचा माग काढण्यासाठी जानेवारी २०२२ मध्ये कोकणात प्रथमच उपग्रहाशी जोडलेली यंत्रे कासवांच्या पाठीवर बसवली, आणि त्यांतली पहिली मादी ‘प्रथमा’ याच पुळणीवरून समुद्रात गेली होती.

चौथा ते सहावा दिवस: दापोली, गुहागर, हेदवी

चौथ्या दिवशी सकाळचे कासव पाहून आंजर्ले-हर्णैकडे यावे. संध्याकाळी हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव असतो आणि त्यावर टपलेल्या ब्राह्मणी घारी, कुरव आणि बगळे हाताच्या अंतरावरून पाहता येतात. पाचव्या दिवशी पहाटे दापोलीजवळच्या मुरूड-कर्दे किनाऱ्यावरून डॉल्फिन पाहायला होडी घ्यावी. वारा सुटण्यापूर्वी, नऊच्या आत, समुद्र काचेसारखा असतो तेव्हाच पाठीचा पर ओळखू येतो. होडीवाल्याला निघण्यापूर्वीच सांगावे की पाठलाग करायचा नाही. इंजिन बंद करून थांबले की कळप अनेकदा आपणहून जवळ येतो. दुपारी दाभोळची फेरी घेऊन गुहागरला मुक्काम करावा. सुरूच्या बनाबाहेरच्या उंच झाडांवर समुद्री गरुड दिसतो का ते पाहावे: पांढरे डोके, पांढरे पोट, करडी पाठ. आंब्या-वडांच्या राईत कवड्या धनेशाची जोडी दिसते.

सहाव्या दिवशी गुहागरहून जेवूनच निघावे, कारण हेदवीची भरती दुपारी साडेचारची आहे. खडकातल्या अरुंद भेगेत लाट शिरते आणि टोकाशी कोंडून वर उसळते. षष्ठीला उसळी बेताची असते. खडक ओला दिसेल तिथे उभे राहू नये, कारण तो कोणत्या तरी लाटेने नुकताच भिजवलेला असतो. पाच वाजता निघून तवसाळची फेरी गाठावी आणि जयगडवरून गणपतीपुळे किंवा मालगुंड येथे रात्री राहावे.

सातवा दिवस: लांबचा पल्ला

सकाळी आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरी, मग भाट्याचा पूल, पावस आणि पूर्णगड. कशेळीला थांबून जांभ्या खडकाच्या सड्यावरचे कातळशिल्प पाहावे: हत्तीची मोठी बाह्यरेषा आणि तिच्या पोटात कोरलेले अनेक प्राणी. कोकणातली ही कातळशिल्पे २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत आहेत. सडा फाल्गुनात भाजलेला असतो, टोपी आणि पाणी विसरू नये. हाच सडा भाद्रपदात फुलांनी भरतो, पण ती वेगळी सहल. कशेळीनंतर किनाऱ्याचा हट्ट सोडून राजापूरला महामार्गावर यावे आणि कसालवरून मालवणला उतरावे.

आठवा आणि नववा दिवस: मालवण आणि वेंगुर्ला

मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र त्यातच येतो. प्रवाळ पाहायला स्कूबाच हवे असे नाही. नळी आणि मुखवटा लावून पृष्ठभागावर तरंगत पाहणे पुरते, स्वस्त पडते आणि पोहता न येणाऱ्यांनाही लाइफ जॅकेटसह जमते. सकाळची पहिली वेळ मागावी. प्रवाळावर पाय टेकू नये. काही ठिकाणी छायाचित्रात मासे गोळा व्हावेत म्हणून पाव टाकतात, आम्ही नको म्हटल्यावर एका मार्गदर्शकाने “मग फोटोत काय येणार?” असे विचारले होते. फोटोत कमी मासे आले, पण जे आले ते खडकावरचे शेवाळ चरत होते. प्रवाळाचे तुकडे किनाऱ्यावरून उचलणेही वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, मग ते बाजारात कोणी विकत असले तरी.

संध्याकाळी वेंगुर्ल्याला जावे, कारण नवमीची भरती सकाळी पावणेसातला आहे आणि मांडवी खाडीतली कांदळवन सफर तेव्हाच सर्वांत चांगली होते. ती स्वामिनी बचत गटातल्या बायका स्वतः वल्हवून नेतात, इंजिन नाही. त्यामुळे खंड्या उडून जात नाही. कांदळाची कमानीसारखी मुळे, तिवराची चिखलातून वर आलेली पेन्सिलीसारखी श्वसनमुळे, आणि पांढरी चिपी, जी २०२० पासून राज्याचा कांदळवृक्ष आहे. हे सगळे या बायका झाडाला हात लावून दाखवतात. वेळ आदल्या दिवशी फोन करून ठरवावी. उरलेला दिवस मोकळा ठेवावा. वेंगुर्ल्याच्या समुद्रातल्या खडकांवर पाकोळी पक्ष्यांची वसाहत आहे, पण तिची वीण याच काळात असते, म्हणून तिथे उतरण्याचा आग्रह धरू नये.

दहावा दिवस: परतताना मगरी

सकाळी साडेसहाला वेंगुर्ला सोडून महामार्गाने चिपळूण गाठायला पाच-सहा तास लागतात. दशमीची ओहोटी किनाऱ्यावर पावणेदोनची, आणि खाडीच्या आतल्या भागात ती आणखी थोडी उशिरा येते, म्हणजे जेवायला वेळ मिळतो. वाशिष्ठीच्या खाडीत मालदोलीच्या बाजूला होड्या मिळतात. पाणी उतरले की दोन्ही काठांवर चिखलाचे उतार उघडे पडतात आणि त्यांवर मगरी ऊन खात पडतात. पहिली मगर ओळखायला वेळ लागतो, ओंडका वाटतो. होडी तीस हातांवर आली की ओंडक्याचा जबडा उघडा असल्याचे दिसते, आणि होडीवाला वल्हे पाण्याबाहेर काढून धरतो. होडीबाहेर हात काढू नये, उभे राहू नये. पाणी पुन्हा चढू लागले की मगरी एकेक करून चिखलावरून पाण्यात घसरतात. त्यानंतरही उजेड असेल तर चिपळूणहून घाट चढावा, नाहीतर रात्र तिथेच काढावी.